बोटभर ढील

चेन्नईत, तिरुवान्मियूरच्या माझ्या वर्कशॉपमध्ये गिअरच्या ज्या सायकली येतात, त्यांचे सरळ दोन प्रकार पडतात. एका प्रकारात गिअर उघड्यावर असतात. मागच्या चाकाला लागून सात-आठ चक्रांची चवड आणि तिच्याखाली लोंबणारा डिरेल्युअर. दुसऱ्या प्रकारात सगळे गिअर मागच्या चाकाच्या हबमध्ये बंद. बाहेरून पाहिलं तर ती साधीच सायकल वाटते. पुढे एक चेनव्हील, मागे एक स्प्रॉकेट, मध्ये चेन. हब तेवढा जाडजूड. पहिल्या प्रकारात चेन झिजून सैल झाली, तर डिरेल्युअरची स्प्रिंग ती ढील गिळून टाकते आणि चालवणाऱ्याला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. हब गिअरच्या सायकलीत ढील गिळणारं कुणी नसतं. चेन किती ताणायची आणि किती सोडायची, हे माणसानंच ठरवायचं. नट सैल करायचे, चाक मागे-पुढे सरकवायचं, पुन्हा आवळायचं. काही महिन्यांनी हेच सगळं परत.

हे काम मी बरीच वर्षं करतो आहे, आणि त्यातून एक गोष्ट मला ठासून सांगावीशी वाटते. हब गिअरच्या सायकली सैल चेनमुळे जेवढ्या बिघडतात, त्यापेक्षा जास्त घट्ट चेनमुळे बिघडतात. सैल चेन बोंब मारते. चेन कव्हरवर आपटते, खड्ड्यात उडते, एखाद्या दिवशी भर सिग्नलवर उतरते. मालक वैतागून का होईना, सायकल घेऊन येतो. घट्ट चेन मात्र दिसायला सुंदर असते. एका रेषेत, ताठ, आवाज नाही. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश. आणि आत क्रँकचे छर्रे आणि हबची उजवी बेअरिंग रोज थोडी थोडी खाल्ली जात असते. वर्षभरानं सायकल जड चालायला लागते तेव्हा दोष वयाला दिला जातो, हवेला दिला जातो, टायरला दिला जातो. चेनकडे कुणाचं बोट जात नाही.

मी मूळचा विट्याचा. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. जिथे सराफ बाजार आहे तिथे सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देणारं आमच्याकडचं कुणी ना कुणी असतंच. चेन्नईत हे लोक सौकारपेटच्या गल्ल्यांत, मिंट स्ट्रीटच्या आसपास. काका तिथे होते, म्हणून शाळा संपल्यावर मलाही तिथेच आणलं. भट्टी, तेजाबाचा वास आणि मिलिग्रॅमपर्यंत वजन. माप चुकवायचं नाही ही शिस्त तिथेच अंगात मुरली, पण मन काही रमलं नाही. दुकानाच्या कामाला एक काळी हर्क्युलस होती. तिच्यावरून मैलापूरपर्यंत चकरा व्हायच्या, आणि त्या चकरांमध्ये मला लझच्या बाजूला एक सायकलवाले भेटले. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मीही म्हणू लागलो. ते मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत. भट्टी सोडून पाना हातात घेतला तो त्यांच्याकडेच.

मैलापूरमध्ये तेव्हा इंग्लंडहून आलेल्या जुन्या रॅले सायकली टिकून होत्या. वकील, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी अशी माणसं त्या जिवापाड सांभाळायची. अनेकींच्या मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरांचा हब असे. स्टर्मी-आर्चर हे नाव 1902 पासूनचं, नॉटिंगहॅमचं. आणि त्यांचा सगळ्यात नावाजलेला ए-डब्ल्यू हब 1936 मध्ये निघाला. त्याची रचना अशी की दुसरा गिअर सरळ, म्हणजे स्प्रॉकेट जेवढं फिरेल तेवढंच चाक फिरणार. पहिला त्याहून पंचवीस टक्के हलका, तिसरा तेहतीस टक्के जड. हबच्या अंगावर तेल सोडायला एक छोटी टोपी असते. वरचा मळ रॉकेलच्या फडक्यानं पुसला की हबवर बनावटीचं वर्ष ठोकलेलं दिसतं, 54, 58, 61. वयाची चाळिशी-पन्नाशी उलटलेले हब अण्णा उघडत, धूत, तेल घालून बंद करत आणि ते पुन्हा टिकटिकायला लागत. हब एवढा टिकतो तो त्याच्या पोलादामुळे, हे खरंच. पण बाहेरून त्याला कुणी ताण देऊन मारलं नाही म्हणूनही टिकतो.

त्या गिऱ्हाइकांत तंजावरी मराठी बोलणारे एक आजोबा होते. व्यंकोजीराजांच्या काळात दक्षिणेत आलेल्या घराण्यांपैकी त्यांचं घराणं. मी काम करताना तोंडातल्या तोंडात मराठीत पुटपुटत होतो ते त्यांनी ऐकलं आणि तेव्हापासून ते माझ्याशी त्यांच्या मराठीत बोलू लागले. माझी देशावरची बोली त्यांना रांगडी वाटत असावी, पण माया फार करायचे. त्यांचा आग्रह एकच असे, चेन चांगली आवळून द्या. ताठ चेन म्हणजे नीट ठेवलेली सायकल, असं त्यांच्या मनात पक्कं होतं. अण्णा दर वेळी तेवढ्याच शांतपणे सांगत, "टाइट वेण्डाम् सार, कोंजम् लूज विडणुम्." घट्ट नको, थोडी सैल सोडायला हवी.

एकदा आजोबा हट्टालाच पेटले, तेव्हा अण्णांनी सायकल उलटी केली. सीट आणि हॅण्डलवर ती उभी राहिली. पायडल हातात धरून त्यांनी ते अगदी सावकाश फिरवायला सुरुवात केली आणि दुसऱ्या हाताचं बोट चेनच्या मधोमध ठेवून ती हलकेच वर-खाली करत राहिले. एका जागी चेन सहज हलत होती. पायडल अर्धा फेरा पुढे गेलं आणि तीच चेन दगडासारखी. आणखी अर्धा फेरा, पुन्हा मोकळी. आजोबांनी स्वतः बोट लावून पाहिलं. त्यानंतर त्यांनी कधी आवळायला सांगितलं नाही.

चेनच्या ताणाचं सगळं मर्म या एका प्रात्यक्षिकात आहे. चेनव्हील कधीच पुरतं गोल आणि पुरतं मध्यावर नसतं. मागचं स्प्रॉकेटही नसतं. त्यामुळे पायडलच्या प्रत्येक फेऱ्यात चेन कुठे तरी घट्ट होते आणि कुठे तरी सैल. तुम्ही सायकल जिथे थांबली तिथेच चेन दाबून पाहिलीत आणि ती सैल वाटली म्हणून आवळलीत, तर घट्ट जागेवर ती तारेसारखी ताणली जाणार. म्हणून आधी फिरवून सगळ्यात घट्ट जागा शोधायची, आणि ढील त्या जागेवर मोजायची. चेनच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत, एकूण हालचाल साधारण 1 ते दीड सेंटिमीटर. बोटभर. एवढी ढील घट्ट जागी असली, तर सैल जागी ती आपोआप जास्त असणार, आणि असू द्यावी.

अण्णांना हे हातानं ठाऊक होतं. मला त्याचा हिशेब हवा होता. गलाईच्या दुकानात वाढलेला माणूस अंदाजावर समाधान मानत नाही. तो मी पुढे वहीत मांडला, आणि आलेल्या उत्तरानं मी चकित झालो. क्रँक आणि मागचा अ‍ॅक्सल यांत साधारण 45 सेंटिमीटर अंतर धरू. चेन पूर्ण ताठ आहे. आता अ‍ॅक्सल फक्त अर्धा मिलिमीटर पुढे घ्या. वरची आणि खालची बाजू मिळून चेनची 1 मिलिमीटर लांबी मोकळी झाली. ही मोकळी लांबी सगळी वरच्या बाजूला आणली, तर चेन मधोमध जवळपास दीड सेंटिमीटर वर आणि तेवढीच खाली जाते. म्हणजे एकूण तीन सेंटिमीटर. ताठ चेन आणि लोंबणारी चेन यांच्यामध्ये अ‍ॅक्सलचा अर्धा मिलिमीटर! आणि चेनव्हील जर मध्यापासून पाव मिलिमीटर जरी सरकून बसलेलं असेल, तरी एका फेऱ्यात एवढाच फरक पडतो. हे कळल्यापासून मी कुणाला "चाक जरा मागे ओढा" असं सांगत नाही. ओढणं हा शब्दच या कामाला चालत नाही.

चेनव्हील पाच बोल्टचं असेल तर थोडी सुधारणा करता येते. बोल्ट किंचित सैल करायचे, इतकेच की चेनव्हील ठोकल्यावर हलेल पण स्वतःहून घसरणार नाही. घट्ट जागा आली की चेनच्या मधोमध लाकडी हातोडीनं हळू ठोकायचं. चेनव्हील केसभर सरकतं. पुन्हा फिरवायचं, पुन्हा घट्ट जागा शोधायची. चार-सहा वेळा हे केलं की घट्ट आणि सैल यांतलं अंतर बरंच कमी होतं. आपल्याकडच्या कॉटर पिनच्या साध्या सायकलींत मात्र चेनव्हील उजव्या क्रँकला कायमचं जोडलेलं असतं. तिथे हा उपाय नाही. घट्ट जागेला मान देऊन ढील ठेवणं एवढंच हातात.

माझ्याकडे आज हब गिअरच्या ज्या सायकली येतात त्यांतल्या बऱ्याच जपानी आहेत. चेन्नईच्या आसपास मोटारींचे कारखाने आले, त्यांच्याबरोबर जपानी आणि कोरियन कुटुंबं आली. जपानी कुटुंबं सामानाबरोबर घरची सायकल आणतात: खालच्या दांडीची, पुढे टोपली, मागे मुलाची सीट, चेनवर पूर्ण कव्हर, आणि मागच्या चाकात बहुतेक वेळा शिमानोचा तीन गिअरांचा नेक्सस हब. ईस्ट कोस्ट रोडच्या बाजूनं, नीलांकराईपासून पुढे, सकाळी या सायकली दिसतात. मला या सायकली मनापासून आवडतात. ही सायकल शोभेची नाही, दूध-भाजी आणि मूल एकदम वाहण्यासाठी बनवलेली आहे.

पण हिची चेन नीट करायची तर घाई उपयोगाची नाही. मागच्या अ‍ॅक्सलवर काय काय बसलेलं असतं ते मोजून पाहा: स्टॅण्ड, कॅरिअरची दांडी, मडगार्डची तार, चेन कव्हरचा पत्रा, चेन अ‍ॅडजस्टर, वायसर, आणि वर नट. नट काढायच्या आधी मी प्रत्येक बाजूचा क्रम फोनवर टिपून ठेवतो आणि काढलेली वस्तू त्याच क्रमानं फडक्यावर मांडतो. यातला एक वायसर फार महत्त्वाचा. त्याला एक जीभ असते, ती फ्रेमच्या खाचेत बसते आणि अ‍ॅक्सलला फिरू देत नाही. साध्या सायकलीत अ‍ॅक्सल फिरण्याचा प्रश्न नसतो. हब गिअरमध्ये मात्र आतली सगळी ग्रहचक्रं अ‍ॅक्सलवरच जोर देऊन फिरतात, म्हणून पायडल मारताना अ‍ॅक्सललाही वळण्याचा जोर लागतो. जीभ खाचेत बसली नाही, तर अ‍ॅक्सल सरकतो, गिअरची तार ओढली जाते आणि चेनचा ताणही बिघडतो. शिमानोच्या वायसरांना डाव्या-उजव्या बाजूप्रमाणे आणि खाचेच्या कोनाप्रमाणे वेगवेगळे रंग असतात. ते अदलाबदल करायचे नाहीत.

क्रम असा. आधी मागच्या ब्रेकचा हात फ्रेमला ज्या क्लिपनं धरलेला असतो, ती क्लिप सैल करायची. हे न करता चाक मागे घेतलं की ब्रेकचा हात वाकतो, आणि वाकलेला हात सहसा पुन्हा सरळ होत नाही. मग पंधराच्या पान्यानं दोन्ही बाजूंचे नट सैल करायचे, काढायचे नाहीत. दोन्ही अ‍ॅडजस्टर पाव-पाव फेरा फिरवायचे, आळीपाळीनं. चाक खालच्या दोन नळ्यांच्या मधोमध आहे ना, हे टायरच्या दोन्ही बाजूंना बोट घालून पाहायचं. मग चेन फिरवून घट्ट जागा शोधायची आणि ढील मोजायची. बरोबर वाटली की उजवा नट, मग डावा, मग पुन्हा उजवा. आणि आवळून झाल्यावर ढील पुन्हा मोजायची, कारण नट फिरताना अ‍ॅक्सलला आपल्याबरोबर थोडं ओढतो आणि तो अर्धा मिलिमीटर तिथेच निसटतो. शिमानोनं या नटांसाठी 30 ते 45 न्यूटन-मीटर जोर सांगितला आहे. मी टॉर्क पाना वापरतो. हातात पान्याची सवय असली तरी वापरतो.

अ‍ॅडजस्टर नसलेल्या सायकलीत चाकाला चालवत न्यावं लागतं. उजवा नट थोडा धरलेला, डावा सैल. चाकाचा पुढचा भाग डाव्या नळीकडे ढकलायचा, म्हणजे अ‍ॅक्सलची डावी बाजू मागे जाते. तिथे डावा नट आवळायचा, उजवा सैल करायचा, आणि चाक मध्यावर आणायचं. उजवी बाजूही मागे आली. ही चाल एकदा बसली की अ‍ॅडजस्टरपेक्षाही बारीक काम होतं, आणि मुख्य म्हणजे चेनला गरजेपेक्षा जास्त ताण देण्याचा मोह होत नाही. अ‍ॅडजस्टरच्या नटला पाना लावला की तो फिरतच राहतो. हाताला अडथळा जाणवेपर्यंत चेन केव्हाच ताठ झालेली असते.

चाक सरकलं की बाकीच्या गोष्टीही सरकतात, हे विसरलं जातं. चेन्नईच्या ओएमआर रस्त्यावरच्या एका कंपनीत काम करणारा एक मुलगा आजोबांची तीन गिअरची रॅले घेऊन आला होता. चेन सारखी उतरते म्हणून त्यानं ती घराजवळच्या एका दुकानात आवळून घेतली. त्यानंतर तिसऱ्या गिअरमध्ये पायडल अचानक मोकळं फिरायला लागलं. उभं राहून पायडल मारताना एकदा तो दांडीवर आपटलाही. हब गेला, नवीन चाक बसवा, असं त्याला सांगण्यात आलं होतं. मुलाच्या चेहऱ्यावर आजोबाच आजारी असल्याची काळजी होती.

हबला काहीही झालं नव्हतं. ए-डब्ल्यू हबमध्ये गिअरची तार अ‍ॅक्सलच्या पोकळीतून एक बारीक साखळी ओढते, आणि तारेचं कव्हर फ्रेमवर एका जागी अडवलेलं असतं. चेन आवळायला चाक मागे नेलं, की तेवढ्याच मिलिमीटरांनी ही साखळीही बाहेर ओढली जाते. तिसऱ्या गिअरला ती पूर्ण आत जायला हवी; इथे ती मध्येच अडकली होती. आणि या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक अशी जागा आहे, जिथे कुठलाच गिअर लागत नाही. तिथेच तो आपटला होता. मी आधी चेनला तिची ढील परत दिली. मग गिअर दुसऱ्यावर ठेवून उजव्या नटच्या भोकातून आत पाहिलं. साखळीला जोडलेल्या दांडीचा खांदा अ‍ॅक्सलच्या टोकाशी एका पातळीत आला की तार बरोबर. तेवढी तार सोडली आणि तिन्ही गिअर लागले. उजव्या बाजूच्या बेअरिंगचा कोन मात्र खरबरीत झाला होता, तो बदलावा लागला. घट्ट चेनची किंमत ती.

म्हणून चेनला हात लावला की गिअरची तार तपासायचीच, हा माझ्याकडे नियम आहे. नेक्ससच्या सात आणि आठ गिअरच्या हबमध्ये गिअर चारवर ठेवून हबजवळच्या दोन पिवळ्या रेघा समोरासमोर आल्या आहेत का, एवढंच पाहायचं असतं. मिनिटभराचं काम.

चेन उतरते ती नेहमी सैलपणामुळेच, असंही नाही. त्या मुलाची चेन मुळात का उतरत होती? मी फूटपट्टी लावली. सायकलच्या चेनचा प्रत्येक सांधा अर्ध्या इंचावर असतो, म्हणून एका पिनेवर शून्य ठेवलं की चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर यायला हवी. ती एक अष्टमांश इंच पुढे गेली होती. एवढी झिजलेली चेन कितीही आवळा, ती दातांवर चढूनच चालणार. चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही बदललं. एक सोळांश इंचावरच चेन बदलली असती तर स्प्रॉकेट वाचलं असतं.

लोक म्हणतात चेन ताणली गेली. पोलादाच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. हे मला अंबत्तूरला राहणाऱ्या एका निवृत्त कारागिरानं समजावलं. अंबत्तूर हे सायकलींचं गाव. 1949 मध्ये मुरुगप्पा समूह आणि इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सनी मिळून टीआय सायकल्स सुरू केली. हर्क्युलस, बीएसए, फिलिप्स ही नावं भारतभर गेली ती तिथून. 1960 मध्ये अमेरिकेच्या डायमंड चेन कंपनीच्या भागीदारीत टीआय डायमंड चेन उभी राहिली. इंडियानापोलिसच्या त्या कंपनीच्या चेन राइट बंधूंनी 1903 च्या विमानात पंखे फिरवायला वापरल्या होत्या. ते दोघे मूळचे सायकलवालेच, त्यांना चेनची पारख असणारच. आमच्या या कारागिराची सारी नोकरी चेनच्या कारखान्यात गेली होती. त्यानं एक सांधा खोलून माझ्या तळहातावर ठेवला: पिन, तिच्यावर बुश, त्यावर रोलर, बाजूच्या पट्ट्या. ही रचना हान्स रेनोल्डनं 1880 मध्ये मँचेस्टरला केली आणि अजून तीच चालते. पिन बुशमध्ये फिरते, तिथे धूळ जाते, तिथेच झीज. एका सांध्यात सहा शतांश मिलिमीटर झीज झाली की चेन अर्धा टक्का लांबली. शंभर सांध्यांची चेन असेल तर 6 मिलिमीटर.

त्याच्या या आकड्यावरून मी एक पद्धत लावून घेतली. नवी चेन बसवली आणि ढील ठरवली, की अ‍ॅक्सल फ्रेमच्या खाचेत जिथे बसतो तिथे सुईनं एक बारीक ओरखडा काढतो. चेन 6 मिलिमीटर वाढली म्हणजे अ‍ॅक्सल 3 मिलिमीटर मागे जाणार. त्यामुळे सायकल आली की कव्हर उघडायच्या आधीच मला चेनचं वय कळतं. अ‍ॅक्सल ओरखड्यापासून तीनच्या जवळ गेला असेल, तर ताण देत बसण्यात अर्थ नाही, चेन बदलायची. आणि अ‍ॅक्सल न हलताच चेन घट्ट झालेली दिसली, तर एखादा सांधा गंजून अडकला आहे हे नक्की.

चेन्नईत हे फार होतं. माझं वर्कशॉप समुद्रापासून लांब नाही. बेसंट नगर, तिरुवान्मियूर, पालवाक्कम या पट्ट्यात रात्री बाहेर ठेवलेल्या सायकलीची कोरडी चेन काही दिवसांत तांबूस होते. खारा वारा आणि बारीक वाळू, दोन्ही चेनचे वैरी. पातळ तेल उडून जातं, जाड ग्रीसला वाळू चिकटते. मी मध्यम तेलाचा एकेक थेंब प्रत्येक रोलरवर सोडतो, फेरे मारतो आणि वरचं तेल फडक्यानं पूर्ण पुसून घेतो. तेल सांध्यात हवं, अंगावर नको. अडकलेला सांधा शोधायला चेन उलटी, हळू फिरवायची. स्प्रॉकेटवरून सुटताना जो सांधा सरळ होत नाही तो तो. दोन्ही हातांत धरून त्याला आडवा, उजवीकडे-डावीकडे, हलकेच वाकवला की बहुधा सुटतो.

डिसेंबर 2015 च्या पुरात अड्यार नदीचं पाणी कोट्टूरपुरम, सैदापेटमध्ये घुसलं तेव्हा किती तरी सायकली पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर लोक त्या धुऊन, चेनला तेल घालून चालवायला लागले. माझ्याकडे आलेले हब मी उघडले तेव्हा आतलं तेल पाण्यात मिसळून फिल्टर कॉफीच्या रंगाचं झालं होतं. ज्यांनी लगेच आणले त्यांचे हब धुऊन, वाळवून, नवं ग्रीस भरून परत उभे राहिले. जे काही महिन्यांनी आले त्यांच्या आतल्या बारीक खिट्ट्या गंजून चिकटल्या होत्या. तेव्हापासून ऑक्टोबरचा पाऊस सुरू व्हायच्या आधी मी नेहमीच्या गिऱ्हाइकांना फोन करतो: एकदा आणून जा, चेन आणि हब पाहून देतो. आणि पाणी अ‍ॅक्सलच्या वर चढलं असेल तर चालवू नका, ढकलत आणा. 2023 च्या डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळ आलं तेव्हा बऱ्याच जणांनी हे ऐकलं, आणि ते हब वाचले.

हल्ली एक नवी गोष्ट येऊ लागली आहे. काही जर्मन सायकलींना चेनच नसते, दातेरी पट्टा असतो, आणि मागे हब गिअर. पट्ट्याला तेल नाही, गंज नाही, झीज फार कमी. पण त्याचं गणित चेनच्या उलट. पट्टा ढिला चालत नाही; ढिला झाला की दातांवरून उडी मारतो. त्याला नेमका ताण लागतो, आणि तो मोजायला फोनमध्ये एक अ‍ॅप येतं: पट्टा बोटानं छेडायचा, फोन जवळ धरायचा, कंप सेकंदाला किती ते पडद्यावर दिसतं. पायडल पाव-पाव फेरा फिरवून दर जागी छेडायचा, कारण इथेही घट्ट आणि सैल जागा असतातच. माझ्या हाताला इतकी वर्षं ढील सोडण्याची सवय, आता तोच हात दुसरं माप शिकतो आहे. सध्या एका कुटुंबाची अशी सायकल स्टॅण्डवर चढवलेली आहे. पट्टा बदलायला फ्रेमचा मागचा सांधा खोलावा लागणार, आणि त्या सांध्याचे बोल्ट खाऱ्या वाऱ्यानं धरले आहेत. त्यांच्यावर तेल सोडून ठेवलं आहे. उद्या सकाळी पाहू.